हुकमी मावशी

पहिला विद्यार्थी आत आला, दार लावलं आणि तिथेच उभा राहिला. खाटेवर बसलेल्या बाईंनी त्याला खुणेनेच स्टूल दाखवलं. नवशिक्या डॉक्टरांना बसायचंही सांगावं लागतं, हे अकरा वर्षांत त्यांना पाठ झालं होतं.

वैद्यकीय कॉलेजच्या परीक्षेत रुग्ण होऊन बसायचं, हे बाईंचं काम. कागदावरची लक्षणं घोकायची आणि वठवायची. प्रत्येक विद्यार्थ्याला आठ मिनिटं, घंटा झाली की पुढचा. बाई यात इतक्या तरबेज, की पोरं त्यांना हुकमी मावशी म्हणत. थरथर हवी म्हटलं की हात थरथरे. पाय ओढत चालल्या, की बघणारा आधाराला हात पुढे करे.

वर्षभरापासून मात्र हात न सांगता थरथरू लागला होता. आधी हातातून चमचे पडले. मग एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या. मग डावा पाय जड झाला. आजवर वठवलेली सोंगं एकेक करून बिनबोलावता परत येत होती. बाई मनातून पार हादरल्या. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, आई, घरी तरी सुट्टी घे की. बाहेरच्या दोन डॉक्टरांकडे गेल्या, तर दोघंही बाईंनाच तपासून पास झालेले निघाले. दोघंही हसले. शेवटी कॉलेजच्या प्राध्यापकांनी मेंदूचा स्कॅन करवला. रिपोर्ट वाचून खणात ठेवला आणि खिडकीकडे बघत म्हणाले, की भूमिका अंगात भिनली आहे, थोडी विश्रांती घ्या.

बाईंना ते पटेना. गेल्या आठवड्यात त्या पुन्हा त्यांच्यासमोर जाऊन बसल्या.

"सर, या खेपेला मला कागद नको. मला जे होतंय तेच सांगते. सहा पोरं तपासतील, एखाद्याला तरी सापडेल."

प्राध्यापकांनी रिपोर्टचा खण उघडून पुन्हा लावला. मग म्हणाले, "बरं. तसंच करू."

आणि आता हा पहिला पोरगा स्टुलावर बसून नुसता बघत होता. काय त्रास होतोय, हेही त्याने विचारलं नाही.

"मावशी, हे खरंच तुमचं स्वतःचं आहे?"

"माझंच," बाई म्हणाल्या.

त्याचा चेहरा उतरला. पाणी हवंय का, घरी कोण असतं, आज सोबत कुणी आलंय का, यातच त्याची आठ मिनिटं संपली. दुसऱ्याने तेच विचारलं, तिसऱ्यानेही. गुडघ्यावर मारायची हातोडी कुणाच्या खिशातून बाहेरच येईना. बाईंचा पारा चढू लागला. यंदाची पोरं पुस्तकं वाचतात की उशाला घेऊन झोपतात, असं त्यांना झालं. चौथ्याने खांद्यावर हात ठेवला आणि घड्याळाकडे बघत बसला. पाचवा तर मध्येच उठून गेला. बाहेर त्याचं नाक शिंकरणं ऐकू आलं. परीक्षेचा धसका घेतला असेल, बाईंना वाटलं.

सहावी जाड भिंगांच्या चष्म्याची मुलगी होती. ही शेवटची. बाईंनी आपणहून चप्पल काढून पाय पुढे केला.

"तपास ना गं. तळव्यावरून ओरखडा काढून बघ. काय झालंय मला ते कळू दे. बरं होणार नसेल तर नसेल, पण हे असं अंधारात चाचपडणं नको झालंय."

मुलीने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. घंटा झाली. ती उठली आणि मागे न बघता गेली.

बाईंना रडू आलं. सहाच्या सहा पोरं आली आणि गेली, पण हाताला काही लागलं नाही. अजून कुणाकडे जायचं, हे त्यांना सुचेना.

परीक्षेतल्या रुग्णाने मागच्या दाराने यायचं आणि त्याच दाराने जायचं, असा नियम होता. पुढच्या दाराबाहेर विद्यार्थ्यांसाठी प्रश्न लावलेला असे. आत शिरण्याआधी तो त्यांनी वाचायचा. रुग्णाच्या दृष्टीस तो पडू द्यायचा नाही. अकरा वर्षांत बाईंनी नियम मोडला नव्हता. पण मागच्या दाराला दोन पायऱ्या होत्या आणि आज पाय उतरायलाच तयार होईना. भिंतीला धरत धरत त्या पुढच्या दाराने बाहेर आल्या.

व्हरांडा रिकामा होता. दारावर कागद तसाच होता. अक्षरं एकमेकांवर चढत होती, म्हणून बाईंनी एक डोळा मिटला. अक्षर प्राध्यापकांचं होतं. वर आजाराचं लांबलचक नाव होतं, ते त्यांनी अक्षर-अक्षर लावून वाचलं. मग खालचं वाचलं.

"स्त्री, वय सत्तावन्न. व्यवसाय: याच कॉलेजात परीक्षेसाठी रुग्ण. निदान पक्कं आहे, उपचार नाहीत. तपासणी करू नये. रुग्णाला हे अजून कुणी सांगितलेलं नाही. आठ मिनिटांत सांगा."