गार होईपर्यंत

ट्रेमधलं मिश्रण वाटीच्या बुडानं सपाट दाबून झालं, तसे कडूबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. समोर खुर्चीत नवरा बसला होता. आता आपला हात ट्रेला लागणार नाही, हे त्याला दिसायला पाहिजे होतं.

यंदा मी इथून हलणार नाय, असं सुदर्शननं सकाळीच बजावलं होतं. गेल्या साली ट्रे कोरा निघाला होता. यंदाही तसाच निघाला तर ओव्हन विकायचा आणि लेकीच्या वाढदिवसाचं हे करणं कायमचं बंद. कडूबाई व्हय म्हणाली होती.

तनुजा डेंग्यूनं गेली तेव्हा तेरा वर्षांची होती. तिला गहू सोसत नसे. पोळीचा तुकडा पोटात गेला तरी आडवी व्हायची. दूध, तूप आणि मध मात्र तिनं आपल्या मनानं सोडलं होतं. वासराचं नि मधमाशीचं आपण का खायचं, असं विचारून तिनं आईला गप्प केलं होतं. मग एक दिवस मोबाइलवर तिला ग्रॅनोला दिसला, ग्रीन टी घातलेला, हिरवागार. वाढदिवसाला मला हेच पाहिजे, म्हणून हटून बसली. आणि वाढदिवसाच्या आधीच गेली.

त्या सालापासून कडूबाई तो करत आली. पोळपाट-लाटणं आदल्या दिवशीच गच्चीवर जायचं. ज्वारीच्या लाह्या ती घरीच फोडायची, कारण भडभुंज्याच्या कढईत गहू पडलेला असतो. त्यात शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया, खोबऱ्याचे काप, गुळाचा पाक, करडईचं तेल. ग्रीन टीची पत्ती बारीक वाटून सगळ्यात शेवटी. आच मंद, नाहीतर हिरवा रंग करपतो. मग ट्रे टेबलावर पंख्याखाली ठेवायचा आणि पुरता गार होईपर्यंत हात लावायचा नाही. मध्येच हलवलं की त्याचा भुगा होतो.

पहिल्याच साली, गार झालेल्या ट्रेवर पंजा उमटला होता. उजवा, लहानसा, करंगळी वाकडी. सायकलवरून पडल्यापासून तनुजाची करंगळी तशीच होती. तूच दाबला असशील, तुझं तुला कळलं नसंल, असं सुदर्शन म्हणाला. कडूबाईनं आपला हात वर धरून दाखवला. तिच्या रुंद तळव्याखाली तो पंजा सगळाच्या सगळा झाकला गेला.

पुढं पंजा दर साली आला, आणि दर साली वाढलेला आला. बोटं लांबली. तळवा भरला. एका साली तो कडूबाईच्या हाताएवढा झाला. सुदर्शननं त्यातला कण कधी तोंडात घातला नाही. त्या दिवशी तो कंपनीत जादा पाळी मागून घ्यायचा. दोन सालांमागं ठशाच्या मनगटाशी बारीक रेघा दिसल्या, एकीला एक लागून, हातभर चुडा भरल्यासारख्या. कडूबाई हसली, मग पदर तोंडात धरून रडली. लेकीचे हात पिवळे झाले, एवढंच तिनं नवऱ्याला सांगितलं.

आणि पुढच्या साली काहीच आलं नाही.

ओव्हन वाजला. सुदर्शननं स्वतःच फडक्यात धरून ट्रे बाहेर काढला आणि उजेडात तिरपा करून बघितला. नुसता हिरवा सपाटपणा. त्यानं ट्रे टेबलावर ठेवला आणि पंखा पाचवर केला. त्याला पंख्याशिवाय घडीभर चालत नसे, आणि बाहेर तर वैशाखाचं ऊन पुंडलिकनगरच्या गच्च्या तापवत होतं.

"गुळाला मुंग्या येतील," तो म्हणाला. "लेक नाय येत."

"नाय आली तर ओव्हन न्या. पण आधी गार तर होऊ द्या."

दोघं समोरासमोर बसले. ओल्या गवतासारखा वास घरभर फिरत होता. मुकुंदवाडीकडं गाडीची शिट्टी वाजली आणि विरली. सुदर्शननं डोळे ट्रेवरून काढले नाहीत. बऱ्याच वेळानं त्यानं ट्रेच्या कडेला बोट लावून बघितलं. गार. वर रेघसुद्धा नव्हती.

"झालं," म्हणून तो सुरी आणायला उठला. बोलण्यात जिंकल्याचा सूर नव्हता.

कडूबाईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. सुरी काढल्याचा आवाज आला. पावलं टेबलापाशी आली आणि थांबली. सुरी ट्रेवर काही पडली नाही.

तिनं वळून बघितलं.

पंजा होता. वाकडी करंगळी होती, मनगटाशी बांगड्यांच्या रेघा होत्या. आणि अंगठ्याच्या कुशीत, अगदी चिकटून, दुसरा एक पंजा होता. रुपयाच्या नाण्याखाली झाकला जाईल एवढा. बोटं अजून पुरती उघडलेली नव्हती.

सुदर्शननं सुरी मागं नेली, पातं भिंतीकडं करून ठेवली. त्याचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. पाय न वाजवता तो बटणापाशी गेला आणि त्यानं पंखा बंद केला.

"बाळंतीण हाय घरात," तो हळूच म्हणाला. "वारं लागंल."