डावी-उजवी

तिसऱ्यांदा गाडीची साखळी उतरवून कमळाकरनं ती रॉकेलच्या थाळीत टाकली, तेव्हा शिवा वैतागला.

"अरे, लग्नाच्या नवरीलापन एवढी हळद चोळत नायत. निघायचं हाय का नाय?"

"परमुलखात जायचं हाय. वाटेत तुटली म्हंजे?"

कमळाकरची आई गोदूबाई ओट्यावरून दोघांकडे बघत होती. लष्कराच्या लिलावातली ती मोटारसायकल या दोन मित्रांनी मिळून घेतली होती. काळा रंग जरा खरवडला की खालचा खाकी दिसे. गोदूबाईला ती पहिल्या दिवसापासूनच डोळ्यांसमोर नको वाटे.

पंचावन्न सालचा वैशाख होता. गोवा तेव्हा फिरंग्यांचा होता. पनवेलहून निघालेला माणूस बांद्याच्या पुढे गेला की परदेशात जाई. त्या उन्हाळ्यात सत्याग्रही पायी हद्द ओलांडत होते आणि पलीकडून लाठ्या येत, कधी गोळ्या. आपण झेंडा लावून थेट गाडीवरून आत घुसू, असं कमळाकर एकदा हॉटेलात चहा पिताना बोलून गेला. दुसऱ्या दिवशी ते बाजारभर झालं.

कशाला जातोस, असं त्याला कुणीच विचारलं नाही. त्याचा बाप तीस सालच्या जंगल सत्याग्रहात गोळी लागून गेला होता. कमळाकर तेव्हा पोटात होता.

"बापाचा लेक शोभतोस," लोक म्हणत. शेजारच्या भामानं तर ओवाळायला ताटही घासून ठेवलं.

तयारी पंधरा दिवस चालली. दोन जादा ट्यूब, पेट्रोलचे डबे, खाडीवर गाडी होडीत चढवायला फळी. कमळाकर सगळं बांधी आणि पुन्हा सोडून तपासून बघे. गोदूबाईनं सुकटीची चटणी केली. ती वाटताना हात मध्येच थांबत.

"मावशे, एवढी तिखट केलीस तर फिरंगी नुसत्या वासानं पळतील," शिवा म्हणाला. गोदूबाई हसली नाही.

निघायला चार दिवस उरले तेव्हा दुपारी जेवताना कमळाकर म्हणाला, "आये, गावदेवीचा कौल लावून मग निघतो. देवीला विचारल्याबिगर परमुलखात पाय नको."

गोदूबाईच्या जिवात जीव आला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर कळ्या चिकटवायच्या. आधी उजवी पडली तर जा, डावी पडली तर जाऊ नको. चिकटवणारा हात काशीराम गुरवाचा.

ती सांजेलाच देवळात गेली.

"काशीदादा, उजवी कळी गंधानं घट्ट लावा. डावी नुसत्या पान्यानं."

काशीराम समई पुसत होता. त्यानं मान वर केली नाही.

"वैनी, देवीशी खोटं?"

"कुंकू दिलंय मी. लेक नाय देनार. पाप लागंल ते मला लागू दे."

"बरं," काशीराम म्हणाला. त्यानं एवढ्या सहज ऐकलं, याचं तिला नवल वाटलं.

कौलाला निम्मा गाव जमला. कमळाकर हात जोडून डोळे मिटून उभा होता. डावी कळी पडली, तेव्हा त्याच्या छातीतून एवढा मोठा श्वास बाहेर पडला की गोदूबाईला तो हुंदका वाटला.

"देवीपुढं मी कोन?" तो म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या.

"तुला अडवलंय, मला नाय," शिवा म्हणाला. "मी जातो." भामानं त्याला ओवाळलं. गाडीचा आवाज पुलापलीकडे विरेपर्यंत त्याची बायको मैना दारात उभी होती. तिला सहावा महिना होता.

नवव्या दिवशी तार आली. शिवाला हद्दीवरच गोळी लागली होती.

कमळाकरनं अन्न सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राही. "दोघं असतो तर वाचला असता," एवढंच म्हणे. गोदूबाईला ते ऐकवेना. मैनाच्या दारावरून जाताना ती पदर तोंडावर ओढून घेई.

पाचव्या दिवशी ती पुन्हा देवळात गेली.

"काशीदादा, मी कमळ्याला सांगते. देवीनं नाय, मी अडवलं म्हनून. पोर आतल्या आत जळतंय. मला काय बोलायचं ते बोलंल, पन उठंल तरी."

"नका सांगू, वैनी."

"तुमचं नाव नाय घेनार."

"माझ्या नावाचं नाय." काशीरामनं गाभाऱ्याचं दार ओढून घेतलं. "तुमी त्या दिवशी सांजेला आलात. कमळ्या सकाळीच येऊन माझे पाय धरून गेला होता. डावीच पाडा म्हनून."