तांदळावरचं नाव

कुणाला खरं वाटणार न्हाई, पण सुनेच्या नोकरीच्या मान्यतेची सही मी नुसत्या तोंडाच्या जोरावर मिळवत आणली होती.

अंजू उमरीहून लग्न होऊन रेणापूरला आली अन् इथल्या शाळेत शिकवू लागली, पण बी.एड. झालेलं नव्हतं. शिक्षण खात्याचे साहेब थेट वर्गात तपासणीला आले, तवा मीबी मागोमाग आत शिरलो. थोरल्या सुनेचं बी.एड.चं सर्टिफिकेट पुढं केलं. आडनाव तर एकच.

"ह्यावर शिल्पा लिहिलंय."

"ते सासरचं नाव, साहेब. लग्नात तांदळावर लिहिलेलं. अंजू माहेरचं."

साहेबानं मला न्याहाळलं, तिला न्याहाळलं, मग कागदावर पेन टेकवलं.

अंजूनं खडू खाली ठेवला.

"मामा, पोरं ऐकून राहिलीत. साहेब, शिल्पा माझ्या जाऊबाई. बी.एड. त्यांचं झालंय, माझं न्हाई."