बॉनेटवरचं स्वस्तिक

दसऱ्याच्या सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये इंदुमतीने मुलाच्या नव्या गाडीच्या बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. ते काढता काढताच घरंगळून फरशीवर पडलं. तिने पुन्हा काढलं. अळवाच्या पानावरून पाणी जावं तसं तेही गेलं.

"आई, सिरॅमिक कोटिंग आहे," श्रीरंग म्हणाला. "चिखल, धूळ, काहीच चिकटत नाही."

"पण हे कुंकू आहे ना."

"ते कोटिंगला कसं कळणार?"

गाडीचं राहू दे, निदान याला तरी ओवाळू, म्हणून तिने तबक उचललं. श्रीरंग आजच परगावी, सिमेंट कारखान्यातल्या नोकरीवर निघाला होता. तिने त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. ते नाकावरून ओघळून खाली पडलं. वरच्या अक्षताही थांबल्या नाहीत.

इंदुमती आपल्या बोटाकडे बघत राहिली. बोट तर लालच होतं.

"कंपनीनेच करून दिलं," तो म्हणाला. "तिकडे धूळ फार. आता आंघोळीचीसुद्धा कटकट नाही."

"म्हणजे तुलाही?"

"डोक्यापासून पायापर्यंत."

तिला नीटसं उमगलं नाही. तेवढ्यात तो नमस्काराला वाकला. तिने सवयीने त्याच्या मानेवर अलगद हात ठेवला आणि या खेपेला बराच वेळ काढलाच नाही.

"आई," तो तसाच वाकून म्हणाला, "अजून हात ठेवला नाहीस. ठेव ना. मग उठतो."