बोंबलांची जोडी

गोडदेवला मी मुलांसाठी घेतो त्या रविवारच्या लेखनवर्गात संघप्रियाने पहिलं प्रवासवर्णन वाचलं, "चौक गावचा समुद्र खूप सुंदर होता." दाराशी मासळीची टोपली टेकवून बसलेली चौकचीच ल्युसीमावशी हसली. "पोरी, सुंदर समुद्र सगळीकडं हाय. ह्यात माझा गाव न्हाय. खरंच गेलेलीस काय?" संघप्रियाचे डोळे भरले. "आजोबा, मी गेले होते. बसने." "माहीत आहे," मी म्हणालो. "आता वही मिट. 'सुंदर' न म्हणता सांग, काय पाहिलंस?" तिने वही मिटली. "दोरीवर बोंबील वाळत होते. एकाच्या तोंडात दुसऱ्याचं तोंड अडकवलेलं. एक जोडी पडली, तर एका आजीने तिला विचारलं, 'लागलं काय गो?' आणि परत टांगली." मावशी टोपली सोडून उठलीच. "ती माझी थोरली भैन! मासळीशी बोलते!" मग संघप्रियाच्या पाठीवर थाप मारली. "आता गेलीस तू चौकला."