अर्ध्या मिशीची पैज

"अर्धी मिशी," दत्ताजीराव म्हणाले. "दिवाळीच्या आत निरुपमाताईंचा कॉम्प्युटर बंद पडला, तर याच चौकात, दिवसाढवळ्या, अर्धी मिशी उतरवीन."

"डावी की उजवी?" संपतरावांनी विचारलं.

"तुम्हाला आवडेल ती."

"आणि नाही पडला, तर महिनाभर तुमची सायकल मी पुसीन. लागली?"

"लागली!"

चौकात हशा पिकला. दत्ताजीरावांची मिशी सगळ्या रावपुऱ्याला माहीत. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. फौज गेली, घोडे गेले; तलवार आणि मिशी तेवढी उरली.

कॉम्प्युटर निरुपमाचा, पण पसंती दत्ताजीरावांची. निरुपमा शाळेत चित्रकला शिकवायची. यंदा, नव्याण्णव साली, तिला पहिलं मोठं काम मिळालं होतं. एका औषध कंपनीचं कॅलेंडर, बारा महिन्यांची बारा चित्रं, कॉम्प्युटरवर रंगवलेली. धनतेरसला द्यायची. कंपनीला आवडली तर पुढची तीन वर्षं काम तिचंच, आणि शाळेला रामराम.

तिला दोन छोट्या हार्ड डिस्क हव्या होत्या. एक कामाला, दुसरी नकला ठेवायला.

"एका कमरेला दोन तलवारी कोण बांधतं?" दत्ताजीराव म्हणाले होते. "एकच घ्या, पण मोठी."

नंदेसरीच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते, त्यामुळे यंत्राच्या बाबतीत गल्लीत, म्हणजे पोळीत, त्यांचाच शब्द चालायचा. जिग्नेशभाईच्या दुकानातून तेरा जीबीची एकच डिस्क आली. चित्रं फ्लॉपीत मावत नव्हती. बाराही त्या एका डिस्कमध्ये.

पैज लागली तो दिवस खंडेनवमीचा. संपतराव स्कूटरच्या हँडलला हार बांधत होते.

"पत्र्याची कसली पूजा करताय?" दत्ताजीराव ओरडले. "झाकण काढा! कुंकू इंजिनाला लागलं पाहिजे." आणि खिशातून पाना काढून झाकण त्यांनीच काढलं.

मग ते निरुपमाकडे पूजेला गेले. तिला प्रसादाचा शिरा करायला पिटाळलं आणि अर्ध्या तासानं शिऱ्याची वाटी चाटत बाहेर आले. मॉनिटरवर झेंडूची माळ डुलत होती.

दसऱ्याला सकाळी निरुपमानं बटण दाबलं. आतून आवाज आला, टक... टक... टक. पडदा काळाच राहिला.

बाराव्या चित्रात फक्त आकाश रंगवायचं राहिलं होतं.

तासाभरात अर्धी पोळ जिग्नेशभाईच्या दुकानात. कॉम्प्युटरचा डबा रिक्षातून आणला होता. जिग्नेशभाईनं डिस्क बाहेर काढली, उलटीपालटी करून पाहिली.

"आ जुओ, सील तुटेलुं छे. कोईए खोल्युं छे. वॉरंटी नहीं मळे."

"मी तो डबा कधी उघडलासुद्धा नाही!" निरुपमा म्हणाली.

"मग बाई खोटं बोलते का रे?" संपतराव भडकले.

"याचं नेहमीचंच आहे," इंदिराबाई म्हणाल्या. "मला स्टॅबिलायझर दिला मेल्यानं, तो रेडिओसारखा गातो!"

"एवढासा कागदाचा कपटा!" दत्ताजीराव गरजले. "पुसता पुसता निघतो. त्याच्या आड लपून बाईमाणसाची मेहनत गिळतोस?"

"चित्रं परत मिळतील?" निरुपमानं विचारलं.

जिग्नेशभाईनं डिस्क कानाशी धरून हलवली. "आमांथी? यातून? ना, बेन."

रविवारी सकाळी दत्ताजीरावांनी स्वतःच चौकात खुर्ची मांडली आणि गोविंदभाई न्हाव्याला बोलावलं.

"पैज ती पैज. पण त्या चोरालाही आणा. माझी मिशी उतरताना त्यानं डोळ्यांनी बघायचं."

जिग्नेशभाई आला. हातात डिस्क, तोंड लाल. गोविंदभाईनं फेस लावला. वस्तरा फिरला आणि डावी बाजू गेली. कोणाला हसू आलं नाही. इंदिराबाईंनी तर पदर डोळ्यांना लावला.

"लाज वाटते का रे? तुझ्या मालापायी हे झालं!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"आता याचीही उतरवा!"

"मला कोणाची मिशी नको," निरुपमा म्हणाली. "मला माझी चित्रं हवीत. वर्षभर डोळे फोडले मी."

जिग्नेशभाईनं डिस्क ओट्यावर आपटल्यासारखी ठेवली. "बस! कंपनी तो आ पाछी लेवानी नथी, परत घेणारच नाही. सगळ्यांसमोर खोलतो. आत कंपनीचा फॉल्ट निघाला, तर नवी डिस्क माझ्याकडून. अने मूछ पण!"

"खोल!" दत्ताजीराव खुर्चीतून म्हणाले. "पण आधी चप्पल काढ. पूजा झालेलं यंत्र आहे."

लोक हसले. जिग्नेशभाईनं रागारागानं चप्पल भिरकावली आणि स्क्रू काढायला बसला.

"अंदर धूळचा एक कण पण चालत नाही, काका," तो काढता काढता बोलत होता. "काचेच्या खोलीत, तोंड बांधून बनवतात हे. एक कण गेला, के बधुं साफ."

दत्ताजीरावांचा हात उरलेल्या मिशीवर थांबला. "एक कण?"

"एक."

शेवटचा स्क्रू निघाला. झाकण उचललं गेलं. आतली चकती आरशासारखी. सगळी डोकी तिच्यावर वाकली. चकतीभर फिरून फिरून कुंकवाची लाल रांगोळी झाली होती, आणि कडेला अक्षतांचे तीन दाणे अडकले होते.

निरुपमानं मान वर करून दत्ताजीरावांकडे पाहिलं. संपतरावांनी स्कूटरकडे पाहिलं.



"गोविंदभाई," दत्ताजीराव म्हणाले, "दुसरी बाजूपण घ्या."