सरपंचाचं डोंगल

गावची सरपंच रूपाली. पण तिच्या डिजिटल सहीचं डोंगल नवऱ्याच्या, धर्मेंद्रच्या, मोटरसायकलच्या चावीला लटकलेलं असायचं. पिनही त्याच मोटरसायकलचा नंबर. गाव धर्मेंद्रलाच सरपंचसाहेब म्हणायचं.

त्या सकाळी ठेकेदाराचा फोन थांबत नव्हता. न खोदलेल्या नालीचं बिल पास करायचं होतं. धर्मेंद्र आंघोळीहून ओल्या केसांनीच लॅपटॉपपुढे बसला. डोंगल लावलं, तर लॉक झालेलं. काढून लावलं, शर्टाला पुसून लावलं, फुंकर मारून लावलं. तेच.

डोंगल बनवून देणारा सिंदीचा दुकानदार फोनवर म्हणाला, "लय वेळा चुकीचा पिन पडला भाऊ. आतली सही गेली आता. नवं घ्या लागन, अन् त्याच्यासाठी ओळख पटवाले वहिनीले सोताले कॅमेऱ्यापुढं बसा लागन."

रूपाली सिंदीला गेली, कॅमेऱ्यापुढे बसली, स्वतःचं नाव आणि पद स्वतःच्या तोंडाने बोलली. नवं डोंगल आलं त्या दिवशी ती घरात शिरायच्या आतच धर्मेंद्रने हात पुढे केला.

"दे लवकर. ठेकेदार घरात येऊन बसून राह्यला. पिन काय ठेवला?"

रूपालीने डोंगल मंगळसूत्रात ओवलं होतं. ते तिने पदराआड सारलं.



"पिन सांगाचाच असता, तं तुमी आंघोळीले गेलते तवा चुकीचे पिन दाबू दाबू मी जुनं काऊन लॉक केलं असतं?"